हद्द झाली!

बँकेत चोर शिरला तर काय करायचं, याचं आमच्याकडे परिपत्रक आहे. चांगलं बारा कलमी आहे. पहिल्याच कलमात 'कर्मचाऱ्यांनी घाबरून जाऊ नये' असा स्पष्ट आदेश आहे. बारावं कलम 'घटनेनंतर नमुना क्रमांक अमुक तीन प्रतींत भरावा' असं आहे. म्हणजे दोन्ही टोकांना आमची सोय पाहिलेली आहे. काउंटरखाली उजव्या पायाशी धोक्याच्या घंटेचं बटण असतं. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत ही घंटा तीनदा वाजली. दोनदा सफाईवाल्या मावशींची केरसुणी लागून, आणि एकदा उंदराने वायर कुरतडल्यामुळे. तिन्ही वेळा रांगेतलं एकही गिऱ्हाईक जागचं हललं नाही. नंबर जाईल ना!

घरी चोर शिरला तर काय करायचं, याचं परिपत्रक मात्र कुठल्याच खात्याने काढलेलं नाही. लोकांचा समज असा, की बँकेतल्या माणसाला हे सगळं येत असणार. रोज लाखो रुपये हाताळतो म्हटल्यावर याच्या मनगटात काहीतरी असेलच. वस्तुतः आमच्या मनगटात शिक्का मारून मारून आलेल्या कळेखेरीज काही नसतं. आणि आता तर शिक्केही कमी झाले.

मी राहतो पेण आणि रोहा यांच्या मधल्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. गाव सांगितलं की ठाणं कळेल, ठाणं कळलं की हवालदार कळेल, आणि मला अजून तिथंच राहायचं आहे. नोकरी रोह्याच्या बाजूला, सासुरवाडी पेणच्या बाजूला, त्यामुळे पगार एका दिशेने येतो आणि पोह्यांचे पापड दुसऱ्या दिशेने. आमचा सगळा मुलूखच मुळी हद्दीचा. मध्य रेल्वे येते ती रोह्याला संपते, आणि तिथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं, मग रायगड झालं. पण रायगड किल्ला महाडला आणि कलेक्टर कचेरी अलिबागला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख यांचं घराणं रोह्याचं, पण जन्म महाडजवळच्या नाते गावचा. तेव्हा त्यांच्यावर हक्क कुणाचा, यावरही आमच्या गाडीत पेणपासून नागोठण्यापर्यंत वाद चालतो. मात्र चोरीच्या बाबतीत हद्द हा काय प्रकार असतो, ते मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं.

तसा या भागाला दरोड्यांचा इतिहास मोठा आहे. वासुदेव बळवंत फडके पनवेलजवळच्या शिरढोणचे. पेणहून मुंबईला जाताना वाटेवर त्यांचं गाव लागतं. त्यांनी १८७९ मध्ये इंग्रज सरकारविरुद्ध बंड उभारलं आणि त्यासाठी दरोडे घातले, हे शाळेत सगळेच शिकतात. पण ते त्याआधी पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकून होते, हे मास्तर घाईघाईत सांगून टाकतात. आई आजारी असताना त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही, आणि तो राग त्यांच्या मनात राहिला, असं सांगतात. आमच्या शाखेत रजेचा अर्ज नामंजूर झाला की मी साहेबांच्या टेबलाशी उभा राहून शिरढोणची गोष्ट काढतो. साहेब बदलापूरचे आहेत. त्यांना संदर्भ लागत नाही.

असो. मुद्दा बंबाचा आहे.

आमच्या घरात तांब्याचा एक बंब होता. आजोबांनी १९५० साली साठ रुपयांना घेतलेला. ज्यांनी बंबाच्या पाण्याने अंघोळ केलेली नाही त्यांना समजावून सांगणं कठीण आहे. खाली निखारे, मधे धुराची नळी, भोवती पाणी, आणि अंघोळ करून बाहेर पडलेल्या माणसाला सत्यनारायणाच्या पूजेतून उठल्यासारखा वास. घरात गीझर येऊन आठ वर्षं झाली, पण आई बंबच पेटवायची. "गीझरचं पाणी नुसतं गरम असतं," हे तिचं म्हणणं. बंबाला दर शनिवारी चिंच लागायची. तो असा लखलखायचा, की न्हाणीत आरसा लावायची गरज पडली नाही. न्हाणी घराच्या मागे, दहा पावलांवर. वर कौलं, तीन बाजूंनी कुडाच्या भिंती आणि चौथ्या बाजूला पडदा. ही न्हाणीची रचना नीट लक्षात ठेवा. पुढे हिच्यावर कायद्याचा कीस निघणार आहे.

२०२५ चा ऑगस्ट. गणपती सत्तावीस तारखेचे. पीओपीच्या मूर्तींचं काय होणार हे जूनपर्यंत लटकलेलं. हायकोर्टाने जूनमध्ये मूर्ती बनवायची मोकळीक दिली आणि कारखान्यांत एकच धांदल उडाली. पेण, हमरापूर, जोहे या भागांत तर रात्रीचे दिवेच विझत नव्हते. आमच्या आडगावातही दोन शेड आहेत. तिथे पोरं रात्रभर मूर्तींना रंग देत होती.

रात्री दोनच्या सुमाराला आईने हलवलं. "अरे ऊठ. न्हाणीत कोणीतरी आहे."

लाईट गेलेले होते. पाऊस नुकता थांबला होता. मी मागच्या दाराशी गेलो. माझ्या हातात अडसर होता, याबद्दल पुढे गावात बरंच कौतुक झालं, म्हणून सांगतो : मागचं दार उघडायचं तर अडसर काढावाच लागतो. काढला की तो हातातच येतो. सागाचा, साडेतीन हात लांब. दार उघडलं तेव्हा एकजण बंब खांद्यावर घेऊन बांध ओलांडत होता, आणि दुसरा माझ्यापासून चार हातांवर, बंबाचं झाकण छातीशी धरून उभा होता.

अशा वेळी माणूस काय बोलतो? मी म्हणालो, "कोण पाहिजे?"

वीस वर्षं काउंटरवर बसल्याचा हा परिणाम. त्यानेही क्षणभर विचार केल्यासारखं केलं. मग त्याने उजवा हात वर केला. हातात लोखंडाचं काहीतरी होतं. टॉर्चच्या उजेडात ते चमकलं, आणि टॉर्च कुणाच्या हातात आहे, हे त्याच वेळी माझ्या ध्यानात आलं. आई माझ्या पाठीला अगदी लागून उभी होती. चौऱ्याहत्तर वर्षांची. मला मागे सरकायला एक पाऊलही जागा नव्हती.

मी अडसर हाणला. तो झाकणावर बसला. कारण त्याने झाकण ढालीसारखं पुढे केलं. काय आवाज झाला म्हणता! देवळातली घंटा त्यापुढे टिचकी. दुसरा हाणला तोही झाकणावर. तिसरा मात्र त्याच्या उजव्या मनगटावर बसला, हातातलं लोखंड पडलं, झाकण पडलं, आणि तो ओढ्याच्या दिशेने पळाला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. नुसता पळाला. सगळं मिळून एक मिनिट झालं असेल. नंतर पाहिलं तर पडलेलं लोखंड म्हणजे चांगला हातभर लांबीचा पाना होता. तो आईच्या किंवा माझ्या डोक्यात बसला असता तर हा लेख दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या सदरात लिहिला असता.

त्या तीन ठोक्यांनी गाव जागं झालं. पाच मिनिटांत अंगणात पंचवीस-तीस माणसं. "चोर आयलाय रे, चोर!" असं ओरडत खालच्या आळीतली पोरं काठ्या घेऊन ओढ्याकडे धावली आणि दहा मिनिटांत एकाला धरून घेऊनही आली. विशीतला पोरगा, भिजलेला, कोपरापर्यंत हात पांढरे. त्याला काही बोलताच येईना. अंगणात येईपर्यंत त्याला दोन थपडा बसल्या होत्या आणि तिसरी वाटेवर होती. "हात बघा, हात! पीठ लावून आलाय, पकडला तर निसटावा म्हणून," असं शेजारच्या नानांनी निदान केलं. नाना निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना सगळ्याचं कारण सांगता येतं.

'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे ती अक्षरशः खरी झाली. चोर, पोरं पळवणारे येतात अशी अफवा होती, आणि जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या ड्रायव्हरला ठार मारलं. पोलीस तिथे होते. ती माणसंही आमच्यासारखीच असणार. रात्र, अंधार, काठ्या आणि कुणीतरी सांगितलेलं कारण. आमच्या अंगणात त्या रात्री या चारही गोष्टी होत्या, आणि चोर तर खराच येऊन गेलेला होता. मी "थांबा, थांबा" म्हणत होतो, पण माझा आवाज काउंटरचा. तीन फुटांपलीकडे जात नाही.

आमची सौभाग्यवती तोपर्यंत आईला पाणी देत होती. ती उठली, टॉर्च घेतला, सरळ त्या गर्दीत शिरली आणि त्या पोराचा उजवा हात धरून मनगटापर्यंत लुगड्याच्या बोळ्याने पुसला. "यांनी चोराच्या मनगटावर अडसर मारलाय," ती म्हणाली. "हे बघा. सूज आहे? वळ आहे? आणि हे पीठ नाही, पीओपी आहे. वरच्या शेडमधला आहे तो." मग टॉर्च फिरवून सगळ्यांकडे बघत, "आता तुमचे हात दाखवा बघू," म्हणाली. पंचवीस-तीस माणसांनी हात खिशात घातले. काठ्या कुठे गेल्या ते कळलं नाही. त्या पोराला चहा दिला. तो ओढ्यावर हात धुवायला गेला होता. कप हातात धरताना कपाचा आणि बशीचा एकसारखा आवाज येत होता, तो मला झाकणाच्या आवाजापेक्षा जास्त दिवस ऐकू येत राहिला.

एकशे बाराला फोन मी सव्वादोनलाच लावला होता. तिकडच्या मुलीने फार अदबीने सगळं लिहून घेतलं. गाडी साडेपाचला आली. हायवेला वळण होतं म्हणे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. तेव्हा हे कारण अमान्य करायला माझ्याजवळ काही पुरावा नव्हता.

उतरले ते हवालदार. बरोबर एक शिपाई. हवालदारांचे डोळे लाल. दोन दिवस बंदोबस्तावर होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो चोर कुठून आला हा नव्हे. "पळाला कुठल्या बाजूला?"

"ओढ्यापलीकडे."

त्यांचा चेहरा उजळला. "ओढ्यापलीकडे आमची हद्द नाही."

"पण चोरी अलीकडे झाली."

"बंब आता कुठाय?"

"पलीकडेच असणार."

"मग?" हवालदारांनी शिपायाकडे पाहिलं. शिपायाने मान डोलावली. मालच जर हद्दीत नाही तर इथे तपास करायचा तो कशाचा, असा तो बिनतोड मुद्दा होता. मग त्यांचं लक्ष चहा पिणाऱ्या पोराकडे गेलं. "हा कोण?" नानांनी उत्साहाने सगळी हकीकत सांगितली, फक्त शेवट सोडून. हवालदार म्हणाले, "याला घेतो चौकशीला." हा चोर नाही हे मी सांगितलं, हिने सांगितलं, आईने सांगितलं. हवालदार शांतपणे म्हणाले, "नसेल. पण सापडलेला हाच आहे ना?" त्या वाक्यात इतकी प्रामाणिक अडचण होती, की मला एकदम उत्तर सुचेना. शेवटी पोराचं नाव, पत्ता आणि शेडमालकाचा नंबर लिहून घेऊन प्रकरण मिटलं. पोरगा दुसऱ्या दिवशी कामावर गेला नाही. तिसऱ्या दिवशी गेला, तेव्हा मालकाने त्याला काही विचारलं नाही, हे त्याचं नशीब.

सगळ्यांचंच नशीब असं नसतं. त्याच वर्षी १६ जानेवारीला पहाटे वांद्र्याला सैफ अली खानच्या घरात चोर शिरला. त्यानेही चोराशी झटापट केली, चाकूचे घाव झेलले आणि रिक्षात बसून हॉस्पिटल गाठलं. पोलिसांची कितीतरी पथकं सुटली आणि तीन दिवसांत ठाण्यात आरोपी पकडला. चांगलंच झालं. पण मधल्या वेळात दुर्ग स्टेशनावर एका गरीब ड्रायव्हरला संशयावरून गाडीतून उतरवलं, त्याचा फोटो सगळीकडे गेला, दुसऱ्या दिवशी सोडलं. नोकरी गेली आणि ठरलेलं लग्न मोडलं, असं तो नंतर सांगत होता. आमच्या बंबासाठी पथकं नकोत, असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं. एक पेन चाललं असतं.

ते पेन मिळवायला मी रजा टाकून ठाण्यावर गेलो. एका नव्हे, दोन्ही ठाण्यांवर. कायद्याने आता हद्द आड यायचं कारण नाही. गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्याने तो लिहून घ्यायचा आणि हद्दीतल्या ठाण्याकडे पाठवायचा. याला शून्य क्रमांकाची फिर्याद म्हणतात. हे मी हवालदारांना सांगितलं. ते म्हणाले, "बँकवाले ना तुम्ही? तुमच्याकडे झीरो बॅलन्सची खाती असतात, त्यांचं पुढे काय होतं?" मी गप्प बसलो. बहुतेक खात्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे.

मग निघाला किमतीचा प्रश्न. १ जुलै २०२४ पासून जुनं इंडियन पिनल कोड जाऊन भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कोडातला ३७९ पाठ होता, चारशेवीस तर शिवीतच होता. आता ३७९ चा ३०३ झाला आणि चारशेवीसचा ३१८. कुणाला '३१८' म्हणून पाहा, राग येत नाही. या नव्या कायद्यात साधी चोरी पाच हजारांच्या आतली असली तर ती अदखलपात्र. म्हणजे पोलिसांनी वहीत नोंद करायची आणि तुम्हाला कोर्टाचा रस्ता दाखवायचा. दखल घ्यायची नाही, हे कायद्यातच लिहिलेलं.

"बंबाचं बिल आहे?" हवालदारांनी विचारलं.

"एकोणीसशे पन्नास सालचा आहे."

"मग घसारा धरावा लागेल. तुम्ही कॉमर्सचे ना?"

इतक्या वर्षांत मला कुणी घसारा विचारला नव्हता. मी भावनेच्या भरात हिशेब केला. साठ रुपयांचा बंब, घटत्या शिल्लक पद्धतीने दहा टक्के, पंचाहत्तर वर्षं : उरली किंमत दोन पैसे. या पद्धतीत किंमत कधीही शून्य होत नाही, एवढं एकच तत्त्वज्ञान मी बी.कॉम.ला शिकलो, ते हवालदारांना सांगून पाहिलं. मग बाजारभावाने धरा म्हटलं. सासूबाई सांगायच्या त्याप्रमाणे बंब झाकणासकट पावणेआठ किलोचा, असं आईने सांगितलेलं. भंगारवाल्याने भाव सातशे सांगितला. पाच हजार चारशे पंचवीस रुपये. मी विजयी मुद्रेने आकडा पुढे केला.

"झाकण गेलंय?"

"नाही. झाकण मी... चोराने टाकलं."

"झाकण किती किलो?"

वाण्याकडे तोलून आलो. पाऊण किलो. पाचशे पंचवीस वजा. राहिले चार हजार नऊशे. हवालदारांनी लेखणी खाली ठेवली. "अदखलपात्र," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरच हळहळ होती. "तुम्ही झाकण सोडवलं नसतं ना साहेब, तर बसत होता."

मी म्हटलं, पण घरात शिरून चोरी केली. घरातली चोरी दखलपात्र, तिथे किमतीचा प्रश्न नाही. "न्हाणीला दार आहे?" नाही. "मग घर कसं?" मी म्हटलं, आईला आणि मला पाना उगारून धाक घातला, म्हणजे जबरी चोरी झाली. हवालदारांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "जबरी हा शब्द इथे काढू नका. महिन्याच्या मीटिंगला उत्तर द्यावं लागतं." आणि मग जरा वेळाने, "बरं, त्याने तुम्हाला मारलं का?"

"नाही. मी त्याला मारलं."

"कशाने?"

"अडसराने."

"किती वेळा?"

इथे माझ्या ध्यानात आलं की मी फिर्यादीच्या खुर्चीतून हळूहळू दुसऱ्याच खुर्चीत सरकतो आहे.

त्या रात्री मी कायदा वाचला. पुस्तक पेणच्या एका वकील मित्राचं. स्वसंरक्षणाचा हक्क ३४ ते ४४ या कलमांत आहे. आपल्या शरीराचं, दुसऱ्याच्या शरीराचं, मालाचं रक्षण करायचा प्रत्येकाला हक्क आहे; मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि सरकारी मदत मागायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. सव्वादोन ते साडेपाच हा वेळ होता की नव्हता, हे कलमात नाही. चोरीच्या बाबतीत हा हक्क चालू राहतो तो चोर माल घेऊन निसटेपर्यंत, किंवा सरकारी मदत मिळेपर्यंत, किंवा माल परत मिळेपर्यंत. यातलं पहिलं दोन वाजून दहा मिनिटांनी झालं. बाकीची दोन अजून व्हायची आहेत. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१० मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात हे सगळं उलगडून सांगितलं आहे : अंगावर आलेल्या माणसापुढे भ्याडासारखं पळून जावं अशी कायद्याची अपेक्षा नाही, आणि तशा क्षणी माणसाने किती जोर लावला तो काटेकोर मोजूनमापून बघायचा नसतो. सोन्याच्या काट्यावर तोलू नये, असं न्यायाधीश अशा वेळी म्हणतात. मी सोनेतारण कर्जाच्या टेबलावर सहा वर्षं काढली आहेत. काट्याखाली वारा लागला तरी गुंजभर फरक पडतो. पाठीमागे आई उभी असताना अडसर तोलायचा म्हणजे कसा, हे न्यायमूर्तींना समजलं, याचं मला फार बरं वाटलं. त्या रात्री प्रथमच झोप लागली.

आणि तिथेच चोरीची व्याख्याही सापडली. एखादी वस्तू लबाडीने, मालकाच्या संमतीशिवाय जागची हलवली, की चोरी पुरी झाली. ती नेलीच पाहिजे असं नाही. झाकण न्हाणीतून अंगणापर्यंत हललं होतं! म्हणजे झाकणही चोरीला गेलं होतं. पाच हजार चारशे पंचवीस!

हा मुद्दा, आणि दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवलीच पाहिजे असं सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी खटल्यात सांगितलं तो मुद्दा, असे दोन्ही घालून मी जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने अर्ज पाठवला. ठाण्याने फिर्याद घेतली नाही तर असा अर्ज करायची सोय कायद्यातच आहे. आठव्या दिवशी ठाण्यातून फोन आला. हवालदारांचा आवाज नेहमीपेक्षा गोड होता. "या साहेब, बसून घेऊ."

जबाब अडीच तास चालला. 'मी वरील ठिकाणी राहण्यास असून, समक्ष विचारलेवरून जबाब लिहून देतो की' इथून सुरुवात. 'कोणी अज्ञात चोरट्याने लबाडीच्या इराद्याने, स्वतःच्या फायद्याकरिता, माझ्या संमतीशिवाय' इथे मी थांबून विचारलं, "संमतीशिवाय हे लिहायलाच पाहिजे का?" हवालदार म्हणाले, "कोर्ट विचारतं." 'मी कोण पाहिजे असे विचारले' हे वाक्य त्यांनी गाळलं. फिर्यादीची प्रत फुकट मिळाली. ती मी घरी आणून आईला वाचून दाखवली. आईने एकच दुरुस्ती सुचवली. 'जुना वापरता बंब' याऐवजी 'सासूबाईंचा बंब' असं हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला सगळे आले. नाना पंच. न्हाणी मोजली, ओढा मोजला, पाना एका पिशवीत सील केला. मग हवालदार म्हणाले, "झाकण आणा."

"झाकण कशाला?"

"चोरीला गेलेला माल ना तो? तुमचाच मुद्दा आहे साहेब. हस्तगत झालेला मुद्देमाल ठाण्यात जमा करावा लागतो." त्यांनी माझ्या अर्जाची प्रतच काढून दाखवली. तिच्यावर वरच्या साहेबांचा शेरा होता. "आणि तो अडसर."

"अडसर कशाला?"

"झटापटीत वापरलेली वस्तू."

जीपमध्ये झाकण आणि अडसर शेजारी शेजारी बसून गेले. नंतर ठाण्याच्या फळ्यावर म्हणे 'चोरीच्या मालापैकी काही माल हस्तगत' अशी नोंद झाली. त्या रात्री मागचं दार नायलॉनच्या दोरीने बांधून झोपलो. आई दोनदा उठून गाठ बघून आली. ती अजूनही दोनच्या सुमाराला उठते.

मुद्देमाल ठाण्यात पंधरा दिवस ते महिना याहून जास्त पडून राहू नये, असं सुप्रीम कोर्टाने २००२ साली गुजरातच्या सुंदरभाई देसाई खटल्यात सांगितलं आहे. तो दाखला लावून कोर्टात अर्ज केला. सव्वापाचशेच्या झाकणाला वकिलाची फी दोन हजार. मित्र म्हणून दोन हजार. अडसर परत मिळाला नाही. त्याचा उल्लेख अर्जात स्वतंत्र करायला हवा होता, असं वकिलाने मागाहून सांगितलं. सुताराकडून नवा करून घेतला. सागाला परवडेना, म्हणून ऐनाचा.

मधे एक दिवस हवालदार बँकेत आले. केवायसी करायचं होतं, पगार अडकला होता. माझ्या काउंटरवर तेच, आणि मागे चौदा माणसं. शाखेतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. शिपायाने तर चहाचा ट्रे खाली ठेवला. आणि मी सांगितलं, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या."

सर्व्हर डाऊन होता हो! सकाळपासून डाऊन होता, मुंबईहून डाऊन होता. मी स्क्रीन फिरवून दाखवला. हवालदारांनी स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि समजूतदारपणे मान हलवली. "चालायचंच," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी स्वतः फोन करून बोलावून त्यांचं काम करून दिलं, तरी त्यांचा विश्वास बसलेला नाही. आता रस्त्यात भेटले की ते "सर्व्हर काय म्हणतोय?" विचारतात, आणि मी "बंब काय म्हणतोय?" विचारतो. दोघांचा तपास चालू आहे.

झाकण महिन्याभरापूर्वी परत मिळालं. बंधपत्र लिहून दिलं आहे : सदर वस्तू विकणार नाही, स्वरूप बदलणार नाही, कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन. झाकणावर गुन्हा क्रमांकाचं लेबल चिकटवलेलं आहे, लाखेचा ठसा आहे, आणि अडसराचे दोन पोचे आहेत. ते देवघराशेजारच्या फळीवर उभं करून ठेवलंय. पावसाळ्यात ते हिरवं पडायला लागलं. आई दर शनिवारी वाटीत चिंच भिजवते, झाकण खाली काढते, मांडीवर घेते, आणि लेबल निघेल म्हणून परत ठेवून देते.